नवा जन्म : पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून

गावात कुणी माळ घातली म्हणजे काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. माणूस आषाढीला पंढरपूरला जातो, गळ्यात तुळशीची माळ घालून परत येतो. घरची माणसं खूश होतात. गाव मात्र लगेच काही बोलत नाही. गाव थांबतं. हा आता तराजूला हात कसा लावतो, शेजाऱ्याचा बांध कोरतो का, गुत्त्याकडे पाय वळतो का, बायकोवर हात टाकतो का, हे सगळं मुकाट्यानं पाहत असतं. वर्ष-दोन वर्षं अशी गेली म्हणजे मग पारावर कुणीतरी म्हणतं, "नाही बुवा, माणूस बदलला." नाहीतर म्हणतं, "माळ तेवढी नवी, माणूस तोच."

ही गावाची परीक्षा मला फार पसंत आहे. तीत पोथी लागत नाही आणि परीक्षकाला वशिलाही चालत नाही.

ख्रिस्ती धर्मात नव्या जन्माला मोठं महत्त्व आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक विद्वान रात्रीच्या वेळी येशूला भेटायला येतो. पुन्हा जन्म झाल्याशिवाय देवाचं राज्य दृष्टीस पडायचं नाही, असं येशू त्याला सांगतो. विद्वान गोंधळतो. म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार, असं विचारतो. प्रश्न भाबडा वाटतो, पण रास्त आहे. माणूस नवा होतो म्हणजे नेमकं काय होतं? जुना कुठं जातो?

मी आज कुणाला धर्मोपदेश करायला बसलेलो नाही. हा प्रश्न ज्या बाईनं चाळीस वर्षं अंगावर वागवला, तिची गोष्ट तेवढी सांगणार आहे. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचं नाव शिक्षकमंडळींच्या परिचयाचं आहे, पण पाठ्यपुस्तकात त्यांच्याविषयी चार ओळी येतात आणि त्या चार ओळींत बाई मावत नाहीत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. त्या काळी एवढा गुन्हा पुरेसा होता. आईनं मुलीला शिकवलं, आणि भागवताचे हजारो श्लोक या मुलीला लहानपणीच मुखोद्गत झाले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत, देवळातून पुराण सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर राहू लागलं.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराची ही दक्षिणेतली गोष्ट. पुराण ऐकायला कुणी येईना. किडुकमिडुक होतं ते विकलं, भांडी विकली, उपास सुरू झाले. मजुरीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. शेवटी रानातली पानं खाऊन दिवस काढले. आता जलसमाधी घ्यावी असं म्हाताऱ्या वडिलांच्या मनानं घेतलं. मुलगा म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो, पडेल ते काम करतो. पण तोवर वेळ निघून गेली होती. वडील गेले. लवकरच आईनं अंथरूण धरलं. तिला घासभर भाकर हवी होती. रमाबाई एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसतं रडूच आलं. त्या बाईनं ओळखून बाजरीची भाकर दिली. ती घेऊन घरी आल्या, तोवर आईला गिळण्याचीही ताकद उरली नव्हती. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. मुलगी ठेंगणी, म्हणून तिनं आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि मसणवटीपर्यंत चालत नेला. मागोमाग थोरली बहीणही गेली.

श्रोतेहो, ही भाकर विसरू नका. पुढे बावीस वर्षांनी ती पुन्हा येणार आहे.

राहिले भाऊ-बहीण दोघं. हिंदुस्थानभर पायी हिंडले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत झोपत आणि अंगावर वाळू ओढून घेत. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. खड्ड्यात झोपणारी मुलगी एकदम सभांतून गाजू लागली. पुढचा भाग मी भरभर सांगतो. भाऊ वारला. बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी लग्न केलं, मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ च्या आरंभी नवरा पटकीनं गेला. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायच्या विचारानं विलायतेला गेल्या. कानांनी कमी ऐकू येई, त्यामुळे वैद्यकी राहिली ती राहिलीच.

विलायतेत वाँटेज या गावी जोगिणींचा एक मठ होता. तिथं त्यांची राहण्याची सोय झाली. या जोगिणींची एक शाखा लंडनमध्ये फुलहॅम भागात होती. ती पाहायला रमाबाईंना नेलं. आपल्या गोष्टीतला पहिला वळसा इथं आहे.

त्या घरात रमाबाईंना आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाया भेटल्या. चौकशी करता कळलं की यांतल्या काही जणी एकेकाळी याच संस्थेत, ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा म्हणून आल्या होत्या. आता त्याच दुसऱ्यांचं दुखणं काढत होत्या. रमाबाई चकित झाल्या. साऱ्या हिंदुस्थानभर हिंडलेली, शास्त्रं तोंडपाठ असलेली ही बाई. अशा बायकांना दारात उभं करावं, त्यांच्यासाठी काही करावं, हे तिनं तोवर कुठं पाहिलं नव्हतं. किंबहुना बाईची जात मुळात पापी, तिला बाई म्हणून मोक्षच नाही, असंच ऐकत ती वाढली होती. तिनं विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका जोगिणीनं तिला योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली एक शोमरोनी बाई. पाच नवरे झालेली, गावानं ओवाळून टाकलेली, परक्या जातीची. तिच्याजवळ येशू प्यायला पाणी मागतो आणि धर्मातलं सर्वांत खोल बोलणं तिच्याशी बोलतो.

पाणवठा म्हणजे काय, कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालतं आणि कुणाला चालत नाही, हे तुम्हांआम्हांला कुणी समजावून सांगायला नको. रमाबाईंनाही नको होतं. १८८३ च्या २९ सप्टेंबरला त्यांनी वाँटेज इथं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ते दिवस शांत होते असं मात्र समजू नका. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी थोड्याच दिवसांपूर्वी तिथं आत्महत्या केली होती. इकडे पुण्यात तर गहजब उडाला.

आता गावाच्या परीक्षेकडे या. बाप्तिस्मा झाला म्हणजे माळ पडली. माणूस बदलला का?

काय बदललं नाही ते आधी सांगतो, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. रमाबाईंनी मांसमच्छी खाल्ली नाही. अंडं घातलेला गोड पदार्थसुद्धा त्या खाईनात, म्हणून त्यांच्या गुरुबाई सिस्टर जेराल्डीन वैतागत. त्यांना गळ्यात घालायला क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, ही भाषा ना मला येते ना माझ्या माणसांना. मग लॅटिनच का, आमच्या संस्कृतानं काय पाप केलं? धर्ममतांवरून तर दोघींचं पत्रापत्री भांडणच चाले. आमच्याकडच्या भटभिक्षुकांचं जू मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं, आता दुसऱ्या पुरोहितांचं जू घालून घ्यायला मी तयार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये स्वच्छ कळवलं. सिस्टर जेराल्डीनला हा गर्व वाटला. मला ती बाई खोटी वाटत नाही, आपल्या जागी ती प्रामाणिक होती. पण नवा माणूस म्हणजे सांगेल तसं वागणारा माणूस, ही समजूत पुष्कळ गुरूंची असते. शाळेतही असते. रमाबाईंनी ती समजूत पहिल्या दोन वर्षांतच मोडीत काढली.

पुढे त्या अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मदत गोळा केली, आणि १८८९ च्या मार्चात मुंबईला विधवांसाठी शारदासदन काढलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आलं. कुणाच्या धर्मात हात घालायचा नाही, असं ठरलेलं होतं. मुलींचं सोवळं-ओवळं सांभाळलं जाई. पण बाई स्वतः सकाळी प्रार्थनेला बसत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुलींना पालक घेऊन गेले. पालकांची बाजू मला समजते. विधवा मुलीला शाळेत घालणं हेच तेव्हा धाडस, त्यात मुलगी धर्म सोडील ही धास्ती. बाईंचीही बाजू समजते. आपल्या खोलीचं दार लावून देवाची प्रार्थना करायची, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. दोन्ही बाजूंना दुखापत झाली, आणि ती खरी होती.

पण त्या आधीच, १८९१ च्या सुमारास, बाईंच्या आत दुसरंच काही घडलं होतं, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्राचा कणा तिथं आहे. आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हॅस्लाम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं होतं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं व्यासपीठावरून लोकांना उपदेश करी. एके दिवशी उपदेश करता करता त्याच्याच ध्यानात आलं की आपण दुसऱ्यांना जे सांगतो ते आपल्याला झालेलंच नाही. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. आपण वाद जिंकले, पुस्तकं लिहिली, मतं तपासून पारखून घेतली. पण ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्या हाती स्वतःला सोडलं का?

श्रोत्यांत जे गुरुजी असतील त्यांना विचारतो. आठ वर्षं एखादा विषय शिकवल्यावर, मुलं पास झाल्यावर, साहेबांनी शेरा चांगला दिल्यावर, मला हा विषय कळलाच नव्हता असं म्हणायला काय लागतं? रमाबाई तर नामांकित. दोन खंडांतली वर्तमानपत्रं त्यांच्याविषयी लिहीत. धर्म सोडला म्हणून इकडची माणसं तुटलेली, आणि पुरतं मान्य करत नाही म्हणून तिकडची रुसलेली. अशा ठिकाणी उभं राहून आपलंच माप कमी भरलं असं कबूल करणं, हे मला बाप्तिस्म्याहून अवघड वाटतं. त्यानंतर त्यांच्या बोलण्यातली वादाची धार कमी झाली आणि हात चालू लागले.

ते कसे चालले पाहा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी पुण्यास आली आणि रमाबाईंना झोप येईना. बावीस वर्षांपूर्वीची भाकर आठवली असणार. त्या लिहितात की स्वतःच्या उपासमारीची आठवण होऊन स्वस्थ बसवेना. जवळ पैसा नाही, सदनाला पोरी जेमतेम पन्नास. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्या पाहिल्या. एकट्या पडलेल्या मुलींवर कुणाचा डोळा आहे आणि कोण त्यांना कुठं पळवून नेतं, तेही पाहिलं. तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धामधूम, शहरात एवढी माणसं ठेवता येईनात. केडगावला, म्हणजे नगरजवळच्या नव्हे, पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं त्या केडगावला, त्यांनी आधीच माळरान घेऊन ठेवलं होतं. तिथं झोपड्या उभ्या राहिल्या. हेच 'मुक्ती'.

पूर्वीच्या शारदासदनात आणि या मुक्तीत एक फरक आहे, तो सहज नजरेतून निसटतो. शारदासदन मुख्यतः वरच्या जातीच्या विधवांसाठी होतं. त्यांचं दुःख बाईंना अंगच्या अनुभवानं कळत होतं. दुष्काळातून आलेल्या मुलींत सगळ्या जातींच्या होत्या. अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटं आत गेलेली, भाषा निराळी. भुकेनं माणसाचं काय होतं ते दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा. अशी माणसं आभार मानत नाहीत. भांडतात, चोरतात, पळून जातात. मजुरीची लाज वाटून ज्या घरानं रानातली पानं खाल्ली, त्या घरची ही मुलगी आता शेकडो पोरींच्या घाणीत, दुखण्यात उभी होती, आणि त्यांना शेती, विहिरी, माग, तेलाचा घाणा, दुभतं, छापखाना अशी हाताची कामं शिकवत होती. अनंतशास्त्र्यांना जे शिकवायचं सुचलं नाही, ते तिनं सर्वांत आधी शिकवलं. अंध मुलींना उठावाची अक्षरं बोटांनी वाचायला शिकवली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आणल्या. वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

एक आक्षेप आहे, तो मी झाकून ठेवत नाही. या अनाथ मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेक ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याला भाकर देऊन धर्म दिला, असं तेव्हा लोक म्हणत, अजूनही म्हणणारे आहेत. त्यावर बाईंचं उत्तर त्यांच्या परीनं सरळ होतं. ज्यानं मला उभं केलं, त्याचं नाव मी या पोरींपासून का लपवू? हे उत्तर सर्वांना पटणार नाही. मलाही त्याचा सगळाच भाग पटतो असं नाही. पण ज्या वेळी त्या मुली छावणीच्या कडेला मरत होत्या, त्या वेळी आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण बैलगाडी जुंपून तिकडे गेले, हेही विचारायला हवं.

आणि फुलहॅमच्या त्या बाया? रमाबाई त्यांना विसरल्या नव्हत्या. १८९९ मध्ये केडगावला त्यांनी कृपासदन काढलं, समाजानं टाकलेल्या, फसलेल्या बायकांसाठी. विलायतेत तो प्रश्न विचारल्यापासून सोळा वर्षं गेली होती. एक गोष्ट कानावर पडल्यापासून ती हातात उतरायला एवढा काळ लागला.

शेवटची गोष्ट पुस्तकाची. बायबलाचं मराठी भाषांतर आधीपासून होतं. ते खेड्यातल्या बाईला समजत नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मुळावरून, साध्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत, सगळं बायबल पुन्हा उतरवायला बसल्या. संस्कृतच्या या पंडितेनं आपल्याच विद्येचा दिमाख बाजूला ठेवला. भाषांतर सगळ्यांना रुचलं असं नाही. काही जागी ते ओबडधोबड वाटतं, आणि विद्वानांनी ते फारसं उचलून धरलं नाही. वर्षामागून वर्षं काम चाललं. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. जिला कडेवर घेऊन पुण्याला आल्या, जिच्याबरोबर बाप्तिस्मा घेतला, जिच्यावर मुक्तीचा भार सोपवायचा होता, ती. बाई मुद्रितं तपासत राहिल्या. १९२२ च्या ५ एप्रिलला केडगावलाच त्यांनी देह ठेवला. समग्र पुस्तक त्यानंतर, १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं.

ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. जुळारी बायका होत्या, यंत्र चालवणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या काही जणी लहानपणी दुष्काळातून आल्या होत्या आणि अक्षरओळख त्यांना केडगावलाच झाली होती. छापखान्यातला खिळा उलटा असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या उलट्या अक्षरांतून सुलट ओळ वाचायला त्या शिकल्या, आणि बाईंनी दुरुस्त केलेलं एकेक पान समोर ठेवून खिळे जुळवत गेल्या.